उन्हाळ्यात टायरची हवा कमी करताय? या चुका टाळा

एप्रिल लागला की नागपुरात हवा भरणाऱ्याकडे हमखास ऐकू येतं, "ऊन लय तापून राहिलं भाऊ, दोन-चार पॉइंट कमीच ठेवा, नाही तर टायर फुटन." हे अजिबात ऐकू नका. हवा कमी असलेला टायर जास्त तापतो. चाक फिरताना त्याची बाजू सतत दबते, उठते आणि त्यातून रबर आतून गरम होतं. वर ४५ अंशांचं ऊन, खाली तापलेला सिमेंट रोड, गाडीत चौघं आणि सामान, आणि समृद्धीवर १२० चा वेग. असा टायर फुटला तर गाडी सावरायला वेळच मिळत नाही.

गोंधळ होतो तो मोजण्यात. वर्धा रोडवरून भर दुपारी गाडी चालवून पंपावर गेलात की सकाळी ३३ पॉइंट (म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) असलेला आकडा ३७-३८ दिसतो. हे वाढणं कंपनीने धरलेलंच असतं. तिथे हवा सोडली की दुसऱ्या दिवशी थंड टायरमध्ये २८-२९ च उरते. म्हणून सकाळी, गाडी फारशी चालवायच्या आधी मोजा. हवा मोजायचा साधा गेज घरीच ठेवलेला बरा.

किती भरायची, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. माणसं-सामानाने भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा, तेवढी भरू नका.

चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पॉइंट हवा झिरपते. तापमान १० अंशांनी उतरलं की आणखी दीड-दोन. त्यामुळे डिसेंबरच्या गारठ्यात चारही टायर बसलेले दिसले तर ते पंक्चर नव्हे, हवा भरा. एकच टायर पुन्हा पुन्हा बसत असेल तर मात्र नुसती हवा भरत राहू नका. व्हॉल्व्हची टोपी काढून तोंडावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडा फुगला तर आतली पिन सैल किंवा खराब आहे. ती स्वस्तात बदलून मिळते. व्हॉल्व्हचं रबर मुळाशी तडकलं असेल तर अख्खा व्हॉल्व्ह बदला, आणि नवे टायर घेताना व्हॉल्व्हही नवेच मागा. तिथे काही नसेल तर खिळा शोधा, किंवा खड्ड्यात आपटून रिमची कड वाकली आहे का ते पाहा.

नायट्रोजनसाठी अडून बसू नका. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, दोन्ही मिसळले तरी चालतं.

आणि लांब निघण्याआधी स्टेपनीही मोजून घ्या.