एकट्याने फिरायला निघताय? प्रवासाची तऱ्हा निवडताना या चुका टाळा

एकट्याने जायचं ठरलं की पहिला प्रश्न ठिकाणाचा निघतो. लडाख की हंपी, कोकण की केरळ? मग तिकीट, हॉटेल, बॅग. घरी कुणाला माझी रोज गरज लागते, शरीर किती साथ देतं, रजा आणि पैसे किती आहेत, मन सध्या कशात अडकलंय, हे प्रश्न मागे राहतात. अर्ध्यावरून परतलेल्या लोकांशी बोलताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ठिकाण चांगलं असतं, तयारीही बरी असते, पण ती तऱ्हा त्यांच्या त्या वेळच्या आयुष्याला बसत नसते. आणि ते दोष मात्र स्वतःला देतात, "आपल्याला एकट्याने जमत नाही बुवा." हे वाक्य मला फार खटकतं. बहुतेकांना जमतं. फक्त निवड दुसऱ्या कुणाच्या आयुष्याची केलेली असते.

चूक: दुसऱ्याच्या वयाचा प्रवास उचलणं

चोविशीतल्या मुलाचा व्हिडिओ पाहून पंचेचाळिशीतली व्यक्ती तसाच बेत आखते. रात्रीची बस, म्हणजे खोलीचं भाडं वाचलं. सकाळी उतरून थेट भटकंती. रात्री हॉस्टेलमध्ये आठ जणांच्या खोलीत वरचा बेड. विशीत हे सगळं मजेत निभतं. पंचेचाळिशीनंतर रात्रीच्या बसमध्ये वाचलेले पैसे दुसऱ्या दिवशीच्या झोपेत जातात, आणि तिसऱ्या दिवशी कंबर बोलायला लागते.

यावर उपाय साधे आहेत, फक्त ते वापरायला संकोच वाटू देऊ नका. मोठा टप्पा दिवसा करा. हॉस्टेलचं मोकळं वातावरण आवडत असेल तर तिथलीच स्वतंत्र खोली घ्या. बऱ्याच ठिकाणी ती मिळते. रेल्वेत एकटे किंवा दोघेच असाल तर 60 वर्षांवरील पुरुष आणि 45 वर्षांवरील महिलांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. 45 हा आकडा अनेक बायकांना ठाऊकच नसतो, त्या स्वतःला ज्येष्ठ समजत नाहीत म्हणून तो पर्याय बघतही नाहीत. तिकीट काढताना जरूर बघा.

चूक: "आठ दिवस मिळाले तरच जाईन"

ही चूक लहान मुलं असलेल्या आईची. (बाबांचीही असते, पण त्यांना कुणी "मुलांचं काय?" असं विचारत नाही.) आठ दिवस मिळत नाहीत, म्हणून वर्ष जातं, मग दुसरं जातं. आणि कधी मिळालेच तर चौथ्या दिवसापासून जीव घरात असतो.

या टप्प्यावर दोन रात्रींचा प्रवास पुरेसा आहे. त्याची अट एकच ठेवा: काही झालं तर चार-पाच तासांत घरी पोचता यावं, आणि तेही स्वतःची गाडी न चालवता. पुण्याच्या बाईसाठी वाई हे मला यातलं उत्तम उदाहरण वाटतं. स्वारगेटहून थेट एसटी आहे. स्टँडवर उतरलं की गाव पायी फिरण्याजोगं. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, थोडं पुढे मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट. बघायची यादी इतकी छोटी की दुपारी झोपायला वेळ उरतो, आणि लहान मुलांच्या आईला त्या झोपेची किती गरज असते हे तिलाच माहीत. 17 मार्च 2023 पासून राज्यात एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचा मुद्दाही हलका होतो.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. बाई वाईत आणि संसार फोनवर. "दप्तर कुठंय?" "खोकल्याचं औषध किती द्यायचं?" "रिक्षावाले काका आले नाहीत." दिवसाला पंधरा फोन आले तर तिने घर सोडलंच नाही. जाण्याआधी एक कागद फ्रिजवर लावा: डबा, शाळेची गाडी, औषधं आणि त्यांची मात्रा, डॉक्टरांचा नंबर, शेजारच्या काकूंचा नंबर. फोनची एक वेळ ठरवा, रात्री साडेआठ म्हणजे साडेआठ. आणि घरी मागे राहिलेल्या माणसाने भाजी जळवली तर जळू द्या. सासूबाई किंवा आई मदतीला येणार असतील तर त्यांना "जाऊ का?" असं विचारण्यापेक्षा "या तारखांना मी नाहीये, तुम्हाला जमेल ना?" असं विचारा. उत्तर बहुतेक वेळा वेगळं येतं.

चूक: दुःखात असताना सर्वांत निर्जन जागा शोधणं

जोडीदार गेला, नातं तुटलं, नोकरी गेली. अशा वेळी "कुठेतरी लांब, जिथे कुणी नसेल तिथे जावंसं वाटतं," हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ही ओढ खरी असते आणि तिचा मान राखायला हवा. पण ती निवड मात्र बहुतेकदा उलटते.

समजा भर पावसाळ्यात कोकणातलं एखादं किनाऱ्याचं गाव निवडलं. समुद्र खवळलेला, पाण्याजवळ जाता येत नाही. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद. हंगाम नाही म्हणून खाणावळ बंद. संध्याकाळी वीज जाते. दिवस कसाबसा जातो, पण सहा ते दहा ही वेळ अंगावर येते. दुःखात असलेल्या माणसाला संध्याकाळच सगळ्यात जड जाते. म्हणून ठिकाण निवडताना मी एकच प्रश्न विचारायला सांगते: संध्याकाळी सातला तिथे काय चालू असतं? दिवेलागणीला माणसांची ये-जा असलेलं गाव, नदीचा घाट, चालू बाजारपेठ, रोज त्याच वेळी गरम जेवण वाढणारं घर. कुणाशी बोलायची सक्ती नाही, पण आवाज कानावर येत राहतात.

याहून पुढची पायरी म्हणजे जिथे चालण्याला आणि दिवसाला आधीच लय आहे असा प्रवास. आषाढी वारी त्यातली मोठी. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर आळंदीहून निघून पंढरपूरला पोचायला जवळपास तीन आठवडे लागतात. एखाद्या दिंडीत भिशी, म्हणजे ठरलेली वर्गणी, भरून नाव नोंदवलं की जेवण, मुक्काम, सामानाचा ट्रक याची सोय दिंडी बघते. तुम्ही एकटेच असता, आणि हजारो माणसांत असता. इतके दिवस शक्य नसतील तर पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा एक दिवस चालून बघा. रडू आलं तरी तिथे कुणी टक लावून बघत नाही.

विपश्यनेबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण दुःखी माणसाला "इगतपुरीला जाऊन ये" हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तिथलं 10 दिवसांचं ध्यानाचं शिबिर हा विश्रांतीचा प्रवास नाही. पहाटे चारला उठणं, तासन्‌तास बसणं, मौन, फोन नाही, वाचन-लेखन नाही, आणि मधेच निघायचं नाही अशी अट. पुष्कळांना त्याचा फार उपयोग होतो. पण ताजा आघात किंवा नैराश्यावर औषधं चालू असताना, डॉक्टरांशी न बोलता तिथे जाणं धोक्याचं आहे. प्रवेश अर्जात शारीरिक आणि मानसिक आजारांची माहिती विचारतात. ती लपवू नका. आत्ता नाही जमलं तर वर्षाने जाता येईल.

चूक: घरी खोटं सांगून निघणं

ही विशीतली. "मित्रांबरोबर जातोय" असं सांगायचं आणि एकट्याने सह्याद्रीत शिरायचं. आई-बाबा काळजी करतील हा हेतू समजतो. पण पाय मुरगळला, ढग उतरले, वाट चुकली, तर तुम्हाला कुठे शोधायचं हे जगात एकालाही माहीत नसतं. बहिणीला, मावसभावाला, रूममेटला, कुणा एकाला तरी खरं सांगा: कुठल्या गावातून चढणार, कुठे उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं.

आणि एकट्याने करायचे डोंगर वेगळे, सोबतीने करायचे वेगळे. कळसूबाई 1,646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, पण बारी गावातून वर जाणारी वाट मळलेली आहे, अवघड जागी शिड्या आहेत, सुट्टीच्या दिवशी माणसं असतात. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, म्हणजे दगडांच्या खड्या घळीतून चढणारी वाट, त्याहून कमी उंचीवर संपते, तरी ती एकट्याने करायची जागा नाही. उंचीचा आकडा बघून अवघडपणा ठरवू नका. शंका असेल तर पायथ्याच्या गावातून वाटाड्या घ्या. दिवसाची मजुरी देऊन जी माहिती मिळते ती कुठल्याच ॲपवर नसते.

चूक: सगळं मोठं निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवणं

याबद्दल मी जरा आग्रहाने लिहिते. "एकदा रिटायर झालो की लेह, कैलास, नर्मदा परिक्रमा" ही यादी कितीतरी घरांत असते. पण या यादीचा क्रम शरीराने लावायला हवा. उंच आणि थंड आधी, सपाट आणि लांब नंतर.

लेह साधारण 3,500 मीटरवर आहे. विमानाने मुंबईहून काही तासांत तिथे उतरता, शरीराला तयारीला वेळच मिळत नाही. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, भरपूर पाणी प्यायचं, दारू टाळायची, आणि पुढे 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरहून जास्त वाढवायची नाही. हा नियम पंचविशीतल्यालाही तितकाच लागू आहे, तंदुरुस्ती इथे ढाल होत नाही. पण साठीनंतर रक्तदाब आणि हृदयाचा प्रश्नही सोबत येतो, आणि एकटं असताना "तुझा चेहरा बरा दिसत नाही" असं सांगणारं कुणी नसतं. सरकारी कैलास मानसरोवर यात्रेला तर वयाची मर्यादाच 70 आहे, शिवाय वैद्यकीय तपासणी आणि वजन-उंचीच्या गुणोत्तराची अट. ज्यांना ही यात्रा मनापासून करायची आहे त्यांनी पन्नाशीतच रजा साठवावी.

नर्मदा परिक्रमेचं उलट. ती निवृत्तीनंतर शोभते, कारण तिला वेळ लागतो. नदीची लांबी 1,312 किलोमीटर, दोन्ही काठ चालायचे, नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही. पायी चालणाऱ्यांचे सहज चार-पाच महिने जातात. इथे चूक होते ती पहिलाच एकट्याचा प्रवास म्हणून परिक्रमा उचलण्यात. 35 वर्षं नोकरी, सगळे प्रवास कुटुंबासोबत, डबा आणि तिकीट नेहमी दुसऱ्या कुणी बघितलेलं, आणि एकदम ओंकारेश्वरहून पाठीवर सामान घेऊन निघायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळपायाला फोड येतात आणि आश्रमातल्या सतरंजीवर झोप लागत नाही. श्रद्धा कमी पडली असं समजून माणूस खचतो, जेव्हा कमी पडलेला असतो तो सराव.

पायऱ्या पाडा. आधी आपल्याच गावात, तेवढंच वजन पाठीवर घेऊन, सलग आठवडाभर रोज चाला. एकच दिवस चालून काही कळत नाही, दुखणं तिसऱ्या दिवशी कळतं. मग गुजरातेत तिलकवाड्याच्या परिसरात, जिथे नर्मदा उत्तरेकडे वाहते, तिथली चैत्रातली उत्तरवाहिनी परिक्रमा करा. ती एका दिवसात होते. उन्हाळा असतो, त्यामुळे बरेच लोक रात्रीच किंवा पहाटे चालायला सुरुवात करतात. त्यानंतर मोठीचा विचार. आणि गुडघे नाही म्हणाले तर वाहनाने परिक्रमा करणारेही पुष्कळ आहेत.

सत्तरीनंतर दर दोन दिवसांनी गाव बदलणारा प्रवास सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच गावात आठ दिवस राहा. चहावाला ओळखायला लागतो, औषधाचं दुकान माहीत होतं. राज्यात एसटी 75 वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि 65 ते 75 या वयात निम्म्या दरात आहे. रेल्वेतली ज्येष्ठांची भाडेसवलत मात्र मार्च 2020 मध्ये थांबली, तेव्हा खर्च धरताना जुन्या आठवणीवर विसंबू नका.

एक छोटी पण सगळ्या वयांना नडणारी गोष्ट: काही लॉज आणि भक्तनिवासांत एकट्या व्यक्तीला खोली देत नाहीत, विशेषतः एकट्या पुरुषाला. फोनवर "खोली आहे का?" एवढंच विचारू नका. "मी एकटाच आहे," किंवा "एकटीच आहे, चालेल ना?" हे आधी विचारा, आणि अंधार पडायच्या आत पोचा.

प्रवासातच बिनसलं तर

तिसऱ्या दिवशी सगळं नको वाटतं. आधी पोट आणि झोप तपासा. वेळेवर जेवलात का? सलग सहा तास झोपलात का? ताप, जुलाब काही आहे का? शरीराचं बिनसलेलं बहुतेक वेळा मनाच्या नावावर खपतं. ते ठीक असेल आणि फक्त संध्याकाळीच उदास वाटत असेल, तर प्रवास चुकलेला नाही, संध्याकाळ रिकामी आहे. देवळातलं कीर्तन, बाजार, खाणावळीत दोन माणसांशेजारी बसून जेवण, यांपैकी काही त्या वेळात बसवा. सकाळी उठतानाही नको वाटत असेल तर वेग जास्त झालाय. पुढचं गाव रद्द करून आहे तिथेच आणखी दोन रात्री काढा. आणि तेही करून सलग दोन सकाळी तसंच वाटलं, किंवा घरून खरोखर बोलावणं आलं, तर मिळेल त्या दिवसाच्या गाडीने परत या. घरी पोचल्यावर आठवड्याभराने, मन निवल्यावर, एवढंच लिहून ठेवा: किती दिवस छान गेले, आणि नेमकं कुठल्या वेळी बिनसलं. पुढच्या वेळी किती रात्री ठरवायच्या, ते त्यावरूनच ठरवा.