नदीतळाचं मॉडेल करताना आधी पत्रे, मग वाळू

नाशिकमधल्या होळकर पुलापासून रामकुंडापर्यंतच्या गोदापात्राचं 1:50 मॉडेल करायचं असेल, तर वाळूचा ढीग ओतून हाताने आकार देत बसू नका. मोजणीतले आडवे छेद (या काठापासून त्या काठापर्यंत तळाची उंच-सखल रेषा) पत्र्यावर उतरवा, वरची कड तळाच्या आकारात कापा आणि पत्रे ओळंब्यात उभे करा. प्लायवूड ओला झाला की फुगतो, म्हणून गॅल्व्हनाइज्ड पत्राच घ्या. सरळ पात्रात छेद एकमेकांपासून लांब चालतील. पण घाटाच्या पायऱ्या, पुलाचे खांब, काळ्या खडकाचे उंचवटे इथे ते कमी अंतरावर हवेत, कारण प्रवाह वळतो तो तिथेच. मधली वाळू पाणी मारून धुमसाने नीट दाबा, कडेच्या 4 सेंमी खाली थांबा आणि वर सिमेंटचा थर द्या.

प्रत्येक पत्र्याची पातळी डंपी लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) दोनदा तपासा. इथली 2 मिमीची चूक नदीत 10 सेंमी होते!

आता सर्वात दुर्लक्षित गोष्ट. गवंडी सवयीने गिलावा गुळगुळीत घोटतो. त्याला आधीच थांबवा. फ्रूडच्या नियमाने (नदीचा प्रवाह मॉडेलच्या मापात आणायचा नियम) मॅनिंगचा खडबडीतपणा, म्हणजे तळ पाण्याला किती अडवतो तो आकडा, सुमारे 1.92 पटीने घटतो: नदीत 0.030, तर मॉडेलमध्ये 0.0156. घोटलेलं सिमेंट त्याहून गुळगुळीत असतं, म्हणून पुराची पातळी खोटी, कमी दिसते. ओल्या थरावर बारीक खडी टोचा, पाणी सोडा, मोजलेल्या पूरपातळीशी जुळेपर्यंत कमी-जास्त करा.

पंप मात्र आधी बघा: नदीतल्या सेकंदाला 1000 घनमीटरसाठी मॉडेलमध्ये सेकंदाला सुमारे 57 लिटर लागतात.