डिजिटल अरेस्टचा फोन आला तर या चुका टाळा

आमच्या इमारतीतल्या एक निवृत्त शिक्षिका दीड दिवस स्वतःच्याच बेडरूममध्ये ‘अटकेत’ होत्या. मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवलेला, व्हिडिओ कॉल चालू, पलीकडे खाकीतला माणूस, मागच्या भिंतीवर अशोकस्तंभ. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून मनी लाँडरिंग झालंय, म्हणे. कामवाली बेल वाजवून परत गेली. काकूंनी दार उघडलं नाही, कारण साहेबांची परवानगी नव्हती.

काकूंचा पासवर्ड कुणी फोडला नव्हता, फोनही धडधाकट होता. सरकारी आवाजापुढे मान खाली घालायची जन्माची सवय त्या चोराच्या कामी आली. त्यामुळे खाली अँटिव्हायरसबद्दल काही नाही.

“पोलीस आहेत, फोन कसा ठेवायचा?”

ठेवायचा. डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून अटक, असा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही तेच सांगितलं. खरी अटक झाली तर कारण सांगावं लागतं, वकील मिळतो आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, हे घटनेच्या कलम २२ मध्येच आहे. चौकशीला हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवरून बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं. तरी लोक घाबरतात, कारण कागद हुबेहूब असतात. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दाम्पत्याला तर थेट सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

“पण त्याला माझा आधार नंबर कसा माहीत?” असं काकू तीनदा म्हणाल्या. आठवून बघा: लॉज, सिमकार्डाचं दुकान, भाडेकराराचा एजंट, सोसायटीचं ऑफिस. जागोजागी झेरॉक्स मागायची आणि आपण निमूट द्यायची रीत पडली आहे. नंबर माहीत असणं हा पोलीस असल्याचा पुरावा नव्हे. यापुढे शक्य तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बायोमेट्रिकही लॉक करून ठेवता येतं.

“घरात कुणाला सांगू नका”

हे वाक्य कानावर पडलं की प्रकरण बनावट समजा. काकूंचा मुलगा न्यू जर्सीत. तिकडे रात्र, उगाच कशाला उठवायचं, म्हणून त्यांनी फोन केला नाही. बँकेत एफडी मोडताना काउंटरवरच्या मुलीने कारण विचारलं, तर पढवल्याप्रमाणे “मुलीचं लग्न” म्हणाल्या. मुलीच्या लग्नाला नऊ वर्षं झालीत.

घरच्यांची चूक त्यानंतरची असते. “एवढी शिकलेली, आणि तुला कळलं नाही?” हा प्रश्न विचारू नका. तो ऐकलेली शेजारीण पुढच्या वेळी स्वतःची फसवणूक लपवते, आणि चोराला तेच हवं असतं.

“मुलगा येऊ दे, मग बघू”

पैसे गेल्यावर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. पैसा काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून पाच-सहा खात्यांत फिरतो. जिथे सापडेल तिथे बँक तो अडवून ठेवू शकते, पण उशीर झाला तर अडवायला काही उरत नाही. यूटीआर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), तारीख, रक्कम हाताशी ठेवा. लाजेपोटी चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवा.

पोलीस ठाण्यात “आमची हद्द नाही” ऐकायला मिळालं तर शांतपणे झिरो एफआयआर म्हणा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. सोबत कुणाला तरी न्या. एकट्या बाईमाणसाला टोलवणं सोपं जातं, हे कटू असलं तरी खरं आहे.

महिन्याभराने “सायबर सेलमधून बोलतोय, पैसे सुटलेत, फक्त प्रोसेसिंग फी भरा” असा फोन येतो. तोही चोरच.

“खातं वापरायला दे, टक्का देतो”

ही चूक पोरांची. चोरीचा पैसा फिरवायला असं भाड्याने दिलेलं खातं गोठतं, आणि चौकशीला बोलावतात ते खातेदारालाच.

फोनवरचा माणूसही काही वेळा अडकलेला असतो. म्यानमार, कंबोडिया, लाओसमधल्या कुंपणबंद वसाहतींत नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांकडून हे फोन करवून घेतले जातात, त्यात आपलेही आहेत. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. म्हणून “थायलंड, डेटा एंट्री, राहणं-जेवण फुकट” अशी जाहिरात भाच्याने दाखवली, तर पासपोर्ट कुणाच्या हाती देण्याआधी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्या एजंटाचं नाव नोंदलेलं आहे का, ते त्याच्याबरोबर बसून बघा.