जुना फ्लॅट विकण्यापूर्वी स्मार्ट उपकरणांवर किती खर्च करावा?

पुण्यात फ्लॅट विकायला काढताना मोबाइलवरून चालणारे दिवे, बोटाच्या ठशाचे कुलूप आणि दारावरचा कॅमेरा बसवला तर किंमत वाढून मिळेल का, हे ठरवण्यासाठी उपकरणांच्या दुकानात जाण्याआधी खरेदीदाराच्या गृहकर्जाचा हिशेब मांडावा.

बँकेचा व्हॅल्युअर घराचे मूल्य ठरवताना परिसर, कार्पेट एरिया, इमारतीचे वय आणि आसपासचे व्यवहार पाहतो. सुटी उपकरणे त्याच्या अहवालात सहसा मोजली जात नाहीत. समजा, त्याने फ्लॅटचे मूल्य ८० लाख धरले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक मूल्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे येथे ६४ लाख देऊ शकते. तुम्ही उपकरणांपोटी दोन लाख अधिक मागितले, तर ते सगळे खरेदीदाराला स्वतःच्या खिशातून घालावे लागतात, आणि तेही १६ लाख रोख उभे करून, वर पुण्यातील ७ टक्के मुद्रांक शुल्क भरताना. त्यामुळे घासाघीस सुरू झाली की सर्वात आधी हीच रक्कम कापली जाते. माझे स्पष्ट मत असे की, या उपकरणांमुळे घर आवडण्यास मदत होते, पण त्यांचा खर्च किमतीत भरून निघेल असे धरून चालू नये.

खर्च करायचाच असेल तर भिंतीच्या आत करावा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत ज्या बोर्डावर प्लग नाही, फक्त दिव्या-पंख्याची बटणे आहेत, तेथे न्यूट्रलची तार अनेकदा नसते आणि बहुतेक स्मार्ट स्विचना ती लागते. वायरमनकडून एक बोर्ड उघडून पाहावे. न्यूट्रल नसेल तर नवी तार ओढून घ्यावी, अर्थिंग तपासावे आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा. हे काम चकचकीत दिसत नाही, पण वायरिंग नवीन असल्याचे बिलासकट दाखवता आले की जाणता खरेदीदार निर्धास्त होतो. साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो, तर बीएलडीसी पंखा २८ ते ३५ वॅट. हा फरक वीजबिलात दिसत असल्याने तो पटवून द्यावा लागत नाही. रंगीत दिवे आणि मोटरचे पडदे मात्र केवळ विक्रीसाठी बसवू नयेत.

कुलपाविषयी थोडे सविस्तर सांगतो. कर्वेनगरचा आमचा फ्लॅट दाखवायचा होता, तेव्हा एक वयस्कर जोडपे मुलासोबत आले होते. मी तीनदा बोट टेकवले, पण कुलपातील चार पेन्सिल सेल संपले होते आणि साधी किल्ली घरी राहिली होती. मुलगी ती घेऊन येईपर्यंत वीस मिनिटे आम्ही जिन्यात उभे होतो. आत आल्यावर स्वयंपाकघराचा उजेड, बाल्कनीतून दिसणारे झाड, काही न पाहता आजोबांनी विचारले, "लाइट गेले तर आत कसं यायचं?" कुलूप सेलवर चालते, विजेचा त्याच्याशी संबंध नाही, हे मी समजावले, शंका मात्र गेली नाही. म्हणून घर दाखवण्याच्या आदल्या दिवशी सेल बदलावेत आणि प्रत्येक दिवा भिंतीवरच्या बटणानेही लागतो याची खात्री करावी. वीज परत आल्यावर काही स्मार्ट दिवे आपोआप पूर्ण उजेडात पेटतात. ही सेटिंग ॲपमधून बदलता येते.

सामायिक जिन्याकडे किंवा शेजाऱ्यांच्या दाराकडे कॅमेरा रोखलेला असेल, तर सोसायटीची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवावी.

कोणती उपकरणे घरासोबत राहणार आणि कोणती तुम्ही नेणार, याची यादी विसार घेण्यापूर्वी करून करारनाम्याला जोडावी, कारण ताबा देताना उद्भवणारे वाद बहुधा अशाच वस्तूंवरून होतात. राहणारी उपकरणे तुमच्या खात्यातून काढून मूळ स्थितीत आणावीत. हे राहून गेले तर नव्या मालकाला त्यातली काही वापरता येत नाहीत, आणि विकलेल्या घराचा कॅमेरा तुमच्या मोबाइलवर दिसत राहू शकतो. ताब्याच्या दिवशी खरेदीदाराच्या मोबाइलवर समोर बसून नोंदणी करून द्यावी, वॉरंटीची कागदपत्रे सोपवावीत आणि जुडग्यात कुलपाची साधी किल्ली आहे ना, हे पाहूनच ते हाती द्यावे.