ब्लाउज अंगाला बेतायचा, अंग ब्लाउजला नाही

तुळशीचं लग्न झालं की नागपुरात सीताबर्डी आणि इतवारीत साड्यांची गर्दी उसळते, पाठोपाठ टेलरकडे रांग लागते. तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "लग्नापर्यंत पाच किलो कमी करते, ब्लाउज घट्टच शिवा." मोबाईलमधला फोटो डोक्यात ठेवून माप दिलं जातं, ते असं. पुढची तयारी त्या फोटोला बाजूला ठेवून करायची आहे.

माप आजचं द्या

पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत माप देऊ नका. अंगात पाणी धरतं, छाती आणि कंबर दोन्ही थोडी फुगतात. ब्लाउजखाली जी ब्रा घालणार तीच घालून जा. माप पॅडच्या ब्रावर आणि ट्रायल साध्या ब्रावर, हे मुंढ्याजवळ (बाही जोडतात तिथे) चुण्या पडण्याचं नेहमीचं कारण. टेप पाठीवर खाली घसरलेली नको, श्वास रोजच्यासारखा चालू हवा. पोट आत ओढून दिलेलं माप उभं राहून फोटो काढेपर्यंत टिकतं. पंगतीत बसलं की हूक सुटतो.

छातीच्या मापावर ब्लाउजला १ ते १.५ इंच सैलपणा पुरतो, सरळ कुर्त्याला ३ ते ४ इंच लागतो. टेलरला आधीच सांगा: दोन्ही बाजूंना आत किमान १ इंच कापड सोडा, कापून टाकू नका. दोन शिलाया, प्रत्येकीत पुढचा आणि मागचा पदर, म्हणजे चार पदर झाले. प्रत्येकी अर्धा इंच उसवला की घेर २ इंचांनी वाढतो. मात्र बाहीही सोबत सैल करावी लागते, नाहीतर मुंढा ओढतो आणि दोष दंडाला दिला जातो. अस्तर सुती असेल तर बेतण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात ब्लाउज आखडतो आणि घरात चर्चा मात्र वजनाची होते.

ट्रायलला हात वर करा, खाली बसा, वाका. फक्त आरशासमोर उभं राहून ब्लाउज बसला की नाही कळत नाही.

तयार कपड्यांत लेबलवर विसंबू नका. भारतीय अंगाची स्वतःची प्रमाणित मापंच आपल्याकडे नव्हती, परदेशी तक्ते थोडे फिरवून वापरले गेले; म्हणून तर निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने सहा शहरांत हजारो लोकांची मापं घेण्याचं 'इंडियासाइझ' काम हाती घेतलं. एका कंपनीचा 'एल' दुसरीकडे 'एक्सएल' असतो. कुर्ता सपाट पसरवा, काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा. पुतळ्यावर तोच कुर्ता चोपून बसतो, कारण पाठीमागे टाचण्या असतात; एकदा मागे जाऊन पाहाच. कॅटलॉगमधली मॉडेल साधारण पावणेसहा फूट उंच, आपली सरासरी बाई पाच फूट. तिच्या गुडघ्यावर थांबणारा कुर्ता आपल्या पोटरीवर येणारच. तिथे दुरुस्ती लांबीची करायची.

फोटो उलगडून बघा

फूटभर अंतरावरून घेतलेल्या सेल्फीत नाक खरोखर आहे त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, कारण जवळची वस्तू भिंगाला मोठी दिसते. पाच फुटांवरून, मागच्या कॅमेऱ्याने, थोडा झूम करून काढलेल्या फोटोत ते जागेवर येतं. अनेक फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करणारी सोय आधीच चालू असते. ब्युटी किंवा पोर्ट्रेटचा सरकता आकडा शून्यावर आणा.

दुसऱ्याचा फोटो पाहताना कंबरेजवळची दाराची चौकट किंवा फरशीची रेघ बघा. ती तिथेच वाकली असेल तर कंबर ओढलेली आहे. कानातल्याच्या कडा पुसट आणि गालावर एकही छिद्र नाही, हीही खूण. फुटाळा तलावावर प्री-वेडिंग शूट असेल तर दुपारचं ऊन टाळा, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. आणि फोटोग्राफरला ठरवतानाच सांगा की रंग उजळायचा नाही. अल्बम छापून आल्यावर सांगून उपयोग नसतो.

फोनमध्ये "आधी-नंतर"चे व्हिडिओ आले की नुसते सरकवू नका, 'रस नाही' दाबा. त्यावर थांबून राग राग केला तरी मशीनला ती आवडच वाटते. चित्रांचा परिणाम होत नाही असं मानणाऱ्यांसाठी: फिजीच्या एका भागात १९९५मध्ये टीव्ही आला. तिथे भरलेलं अंग चांगलं मानलं जाई. वजनासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या शाळकरी मुली तेव्हा शून्य टक्के होत्या, १९९८मध्ये ११ टक्क्यांवर गेल्या.

गोरं करणारी ट्यूब

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनसोबत मोमेटासोन, हे मिश्रण गोरेपणासाठी सर्रास लावलं जातं. दोन-तीन आठवडे चेहरा उजळतो, म्हणून विश्वास बसतो. मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते, पुरळ आणि लव वाढते. बंद केलं की दुप्पट लाली उसळते, म्हणून पुन्हा लावलं जातं. महिनोन्महिने लावत असाल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे ट्यूब घेऊन जा. कशी सोडवायची ते तेच ठरवतील. लेबल नसलेल्या डबीत पारा असू शकतो, तो मूत्रपिंडं खराब करतो.

'फेअर अँड लव्हली'तला 'फेअर' २०२०मध्ये गेला, 'ग्लो' आला. घरातल्या बायोडेटात मात्र 'रंग: गहूवर्णी' अजून आहे. तो रकानाच काढून टाका.

मे महिन्यातल्या ४५ अंशांत स्कूटीवर स्कार्फ बांधायचाच, पण उन्हापासून वाचायला. सनस्क्रीन एसपीएफ ३०चं, चेहरा-मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं, दर दोन-तीन तासांनी. त्याने त्वचा वाचते, रंग बदलत नाही.

उपास आणि केस

लग्नाआधी जेवण तोडणाऱ्यांनी एक हिशेब करावा: एकदम कमी खाल्लं की केस दोन-तीन महिन्यांनी गळतात. दिवाळीनंतर उपास, तर नेमके लग्नाच्या आसपास. तब्येतीसाठी वजन उतरवायचंच असेल (कंबर ८० सेंमीपेक्षा जास्त असेल तर डॉक्टरांना विचारावं) तर आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ.

हळदीच्या मांडवात "जाडी झालीस गं" म्हणणाऱ्या काकूंना वजनाचा खुलासा देत बसू नका. "हो काकू, ब्लाउज सैल करून घेतला. तुम्ही जेवल्या का?" एवढं पुरे. पाच वर्षांच्या मुलीसमोर कोणी तिच्या रंगावर बोललं तर मात्र तिथेच, तिला ऐकू जाईल असं अडवा.

जेवून लगेच बाथरूममध्ये जाणं, तीन महिने पाळी न येणं, रोज तासभर आरशात एकच जागा तपासणं, लोकांत जायला नकार: यातलं काही दिसलं तर टेलर, पार्लर, डाएट सगळं थांबवा. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मुलीला एकटी पाठवू नका, पण डॉक्टरांच्या खोलीत दहा मिनिटं तिला एकटीला बोलू द्या.