वेगळ्याच वाद्यांचा जॅझ बँड बांधायचाय? आधी बासचं काय ते ठरवा

तुम्हाला वाजवता येतं, कॉर्ड्स कळतात, ब्लूज आणि थोडीफार स्टँडर्ड्स (जॅझवाल्या सगळ्यांना ठाऊक असलेली गाणी) पाठ आहेत असं धरून चालते. पियानो-बास-ड्रम्स हा नेहमीचा साचा सोडून वेगळी जुळणी करायचीय, ट्यूबा, सेलो, बास क्लॅरिनेट, व्हायोला, हार्प, असलं काहीतरी. उत्तम. पण याबद्दल सगळीकडे एकच सल्ला फिरत असतो, की जॅझमध्ये सगळं चालतं, आवडतील ती वाद्यं घ्या आणि जॅम करत राहा, आपोआप जमेल. आपोआप काहीही जमत नाही. मी असे बरेच बँड बांधलेत, दुसऱ्यांनी बांधलेल्यांत वाजवलंय, आणि जे मोडले ते बहुतेक एकाच जागी मोडले. त्या जागेबद्दल सविस्तर लिहितेय, बाकीचं पटापट.

आधी कामं मांडा, वाद्यं नंतर

कागदावर चार रकाने आखा: चाल, कॉर्ड, खालचा सूर (म्हणजे बासचं काम), टाइम (म्हणजे ठेका धरून ठेवणं). आता तुमच्या डोक्यात जी वाद्यं आहेत त्यातलं कोण कुठल्या रकान्यात बसतं ते लिहा. एक वाद्य दोन-तीन रकान्यांत आलं तर फारच छान. ज्या रकान्यात एकही नाव नाही तिथे लगेच नवं वाद्य आणायची घाई करू नका, पण ते काम कोण करणार हे मात्र आजच ठरवा.

गेरी मलिगनने 1952 मध्ये चेट बेकरला घेऊन जो क्वार्टेट केला त्यात पियानोच नव्हता, कॉर्ड कळायची ती बासच्या लाईनमधून आणि बॅरिटोन सॅक्स-ट्रम्पेट एकमेकांभोवती जे वाजवायचे त्यातून. 1934 मध्ये पॅरिसला जँगो रेनहार्ट आणि स्तेफान ग्रापेली यांनी केलेल्या बँडमध्ये ड्रम्स नव्हते, तो सगळा टाइम ऱ्हिदम गिटारी ओढायच्या. पॉल मोशनच्या ट्रिओमध्ये बिल फ्रिझेलची गिटार, जो लोव्हानोचा सॅक्स आणि स्वतः मोशन ड्रम्सवर, बास नाहीच. या सगळ्यांनी वाद्य काढलं, पण त्याचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकलं. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात, आणि मग रिहर्सलमध्ये कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो.

दुर्मिळ दिसतं म्हणून वाद्य घेऊ नका. नव्याचे नऊ दिवस संपले की लोकांना फक्त बँड वाजतो की नाही एवढंच ऐकू येतं.

माणसं

माणूस आधी, वाद्य नंतर. ऑडिशनला चार्ट (लिहिलेलं संगीत) ठेवू नका. नुसती हाय-हॅट (ड्रम्समधली पायाने वाजणारी झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर चालू ठेवा आणि त्या माणसाला एका कॉर्डवर पाच मिनिटं वाजवायला सांगा, बाकी कुणी काही वाजवायचं नाही. ज्याचा टाइम स्वतःचा आहे तो मजेत वाजवतो, ज्याचा नाही तो दुसऱ्या मिनिटाला तुमच्याकडे बघायला लागतो. वेगळ्या जुळणीत प्रत्येकाचा टाइम स्वतःचा लागतो, ड्रमरवर रेलून बसता येत नाही.

शास्त्रीय वळणाचे तंतुवाद्यवाले घेणार असाल तर स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ठेका, कागदावर लिहून द्यायच्या भानगडीत पडू नका. डॉटेड एट्थ-सिक्स्टींथ (एक लांब सूर, एक तोकडा) लिहिलंत की ते लष्करी कवायतीसारखं वाजतं. साधे एट्थ (सारख्या लांबीचे सूर) लिहा आणि बो, म्हणजे गज, कुठे वळवायचा ते सांगा: ऑफबीटवर नवा बो सुरू करून पुढच्या बीटच्या सुरात बांधून घ्यायचा, आणि बो लहान, तोही मधल्या भागात. एवढ्याने निम्मं काम होतं.

पियानो नसेल तर कॉर्ड

हे वाटतं तेवढं अवघड नाही. प्रत्येक कॉर्डची तिसरी आणि सातवी (कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजून) कुणीतरी दोघांनी धरायची, बस. एफ ब्लूज घ्या. एफ सेव्हनला ए आणि ई फ्लॅट. बी फ्लॅट सेव्हन आला की दोघेही अर्धा सूर खाली, ए फ्लॅट आणि डी. सी सेव्हन आला की एफ सेव्हनच्या जागेपासून दोघेही अर्धा सूर वर, बी फ्लॅट आणि ई. संपला ब्लूज. हे व्हायोला आणि ट्रॉम्बोनला मिडल सीच्या (पियानोवरच्या मधल्या सीच्या) आसपास द्या आणि ऐका, पियानोची आठवणसुद्धा येत नाही. फक्त हे दोन सूर फार खाली नेऊ नका, मिडल सीच्या खालच्या सीपेक्षा खाली जवळजवळचे सूर घातले की नुसता गढूळ आवाज येतो.

आता बास. घोडं इथेच पेंड खातं

डबल बास नसलेला बँड बांधताना लोक काय करतात, तर ट्यूबा घेतात, नाहीतर सेलो, आणि त्याच्यापुढे बासचा चार्ट ठेवतात. मीही यात फार काळ अडकलेली आहे, म्हणून जरा कळकळीने सांगतेय, हे करू नका.

पहिली गोष्ट अगदी यांत्रिक आहे. डबल बासचा सूर लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. तोच कागद सेलोला किंवा ट्यूबाला दिला तर ते लिहिलंय तिथेच वाजवणार, म्हणजे तुमची बास लाईन एक सप्तक वर सरकली आणि नेमकी ट्रॉम्बोनच्या अंगावर जाऊन बसली. मग सगळे म्हणतात आवाज पोकळ का येतोय, आणि कुणीतरी ॲम्पचा बास वाढवतो. ट्यूबासाठी पार्ट खरोखर एक सप्तक खाली लिहा, खालच्या लेजर लाइन्स (पाच रेषांच्या बाहेर जोडलेल्या छोट्या रेषा) वाचायची त्यांना सवय असते. सेलोला तेवढं खाली जाताच येत नाही, त्याची सगळ्यात खालची तार सी म्हणजे साधारण 65 हर्ट्झ, डबल बासची ई साधारण 41 हर्ट्झ. म्हणून सेलोसाठी लाईन नव्याने लिहावी लागते, खालची टोकं वर वळवून.

दुसरी गोष्ट श्वास. बोटांनी वाजवणारा बासवाला रात्रभर थांबत नाही. ट्यूबावाल्याला श्वास घ्यावाच लागतो, आणि खालच्या सुरांना हवा भरपूर लागते. 120 च्या टेम्पोला (मिनिटाला 120 बीट, एका बारमध्ये चार) 12 बारचा एक फेरा 24 सेकंदांचा होतो, सोलो पाच फेऱ्यांचा असेल तर दोन मिनिटं सलग चालणं, म्हणजे दर बीटला एक सूर वाजवत पुढे जाणं, आलं. तो वाजवेल, पण कुठेतरी श्वास चोरेल, आणि जिथे चोरेल तिथे भोक पडेल, बहुतेक वेळा बरोबर बारच्या पहिल्या बीटवर, म्हणजे जिथे अजिबात पडायला नको तिथे. सर्क्युलर ब्रीदिंग (गालातली हवा सोडता सोडता नाकाने श्वास घेणं) शिकवा असं सांगणारे भेटतील. खालच्या सुरात, मोठ्या आवाजात, तासभर ते ट्यूबावर करायला लावणं हा मार्ग नाही, आणि सूर निर्जीव होतो ते वेगळंच. श्वास हा लाईनचाच भाग म्हणून लिहा.

कसा, ते एफ ब्लूजवर दाखवते. बार एक ते चार ट्यूबा चालतो. चौथ्या बारच्या तिसऱ्या बीटनंतर तो थांबतो, आणि चौथ्या बीटवर बास क्लॅरिनेट आत येतो, तो पाच आणि सहा चालतो. सात-आठमध्ये खाली कुणीच चालत नाही, सेलो फक्त एक आणि तीनवर बोटाने तार छेडतो आणि ड्रमर फ्लोअर टॉमला हलकेच हात लावतो. आठव्या बारच्या चौथ्या बीटवर ट्यूबा परत, नऊ आणि दहा त्याचे, तोवर त्याची छाती भरलेली असते. अकरा-बारा ट्यूबा आणि बास क्लॅरिनेट दोघं मिळून सप्तकाच्या अंतराने, म्हणजे फेरा संपतोय हे ऐकणाऱ्याला पोटात कळतं.

यातला एक नियम मी कधीही मोडू देत नाही: खो चौथ्या बीटवर द्यायचा, पहिल्यावर नाही. पहिल्या बीटवर खो ठेवला की सोडणारा थोडा आधी सोडतो, घेणारा खात्री करून घेतो, आणि दोघांच्या मध्ये तो बीट मरतो. चौथ्या बीटवर घेतला की घेणारा धावत येऊन पहिल्या बीटवर पाय रोवतो. आणि खो देण्याच्या जागा दर फेऱ्याला बदला, दुसऱ्या फेऱ्यात बास क्लॅरिनेटला आधी येऊ द्या, नाहीतर सोलो वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला तो साचा पाठ होतो. तीन फेरे लिहून द्या, चौथ्यापासून ते स्वतःच एकमेकांचे खांदे वर जाताना बघून खो घ्यायला लागतात. खरं सांगायचं तर हाच क्षण या सगळ्या उपद्व्यापाचं मोल आहे, असा खालचा सूर एका बासवाल्याकडून कधीच मिळत नाही.

तिसरी गोष्ट सुराचा आकार. बासची तार छेडली की आवाज टणकन येतो आणि लगेच ओसरायला लागतो, त्या ओसरण्यात बाकीच्यांना जागा मिळते. ट्यूबावाला चांगला शिकलेला असेल तर तो प्रत्येक सूर शेवटपर्यंत भरून धरतो, आणि चालणारी लाईन रोड रोलरसारखी पुढे सरकते. त्याला सांगा, सुरुवात जिभेने स्पष्ट कर आणि सूर तिथून उतरू दे, पुढच्या सुराला टेकवू नकोस. हे ऐकून काहींना राग येतो, कारण त्यांनी आयुष्यभर उलटं कमावलेलं असतं. तरी सांगा.

आणि प्रत्येक गाण्यात चालायलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय? ज्युलियस हेम्फिलच्या 1972 च्या रेकॉर्डिंगमध्ये सॅक्स, ट्रम्पेट, ड्रम्स आणि अब्दुल वदूदचा सेलो एवढंच होतं, बास नाही, तिथे सेलो अडून बसल्यासारखा तीच तीच लाईन घोटत राहतो आणि सगळं त्यावर उभं राहतं. हेन्री थ्रेडगिलने तर एका बँडमध्ये दोन ट्यूबा आणि दोन इलेक्ट्रिक गिटारी ठेवल्या होत्या, दोन ट्यूबा म्हणजे श्वासाचा प्रश्न मुळातच सुटला आणि दोन वेगळ्या लाईन्सही मिळाल्या. उलट माइल्स डेव्हिसच्या 1949-50 च्या नऊ जणांच्या बँडमध्ये ट्यूबा होता तरी बासही होता, ट्यूबा तिथे फ्रेंच हॉर्नबरोबर रंग भरायला होता. तेव्हा ट्यूबा आला म्हणजे बासचं मिटलं असं समजू नका, आणि ट्यूबाला आयुष्यभर खालीच ठेवू नका.

पार्ट्स

स्कोअर कॉन्सर्ट पिचमध्ये (सूर जसे ऐकू येतात तसे) लिहा, पार्ट्स ज्याच्या त्याच्या वाद्याच्या पट्टीत. ऑल्टो सॅक्स ई फ्लॅटमध्ये, ट्रम्पेट-क्लॅरिनेट बी फ्लॅटमध्ये, फ्रेंच हॉर्न एफमध्ये. बास क्लॅरिनेट ट्रेबल क्लेफमध्ये लिहिलात तर ऐकू येताना एक सप्तक अधिक एक पूर्ण सूर एवढा खाली येतो, सॉफ्टवेअरवर विसंबू नका, पहिला बार स्वतः तपासा. हार्प असेल तर कॉर्ड सिम्बॉल देऊन मोकळे होऊ नका, सात पेडल्स असतात, प्रत्येकाच्या तीन जागा, आणि भराभर अर्धे सूर बदलणाऱ्या गाण्यात हार्पवाल्याचे पाय पुरत नाहीत. तिला किंवा त्याला गाणं आठवडाभर आधी द्या आणि कुठले सूर सोडायचे ते त्यांना ठरवू द्या.

आवाज आणि बसायच्या जागा

आधी माइकशिवाय जमवा. ड्रमरने ब्रश घ्यावेत, ट्रम्पेटला म्यूट, आणि तंतुवाद्यं पुढे. खालचा सूर वाटून घेणारे सगळे एकमेकांना दिसतील असे शेजारी बसवा, हे सगळ्यात महत्त्वाचं, खो डोळ्यांनीच दिला जातो. फोन ऐकणाऱ्याच्या जागी ठेवून रेकॉर्ड करा, स्वतःच्या खुर्चीवरून काहीच खरं कळत नाही.

रिहर्सल

पहिल्या रिहर्सलला तुमची नवी गाणी आणू नका. फक्त ब्लूज, एकच पट्टी, तीन टेम्पो. दुसऱ्या रिहर्सलला दर वेळी एकाला बाहेर बसवून तोच ब्लूज वाजवा, ट्यूबाशिवाय, मग व्हायोलाशिवाय, मग ड्रम्सशिवाय, म्हणजे कुणाचं काम कोण उचलू शकतं ते सगळ्यांना कळतं आणि एखाद्या कार्यक्रमाला कुणी आलं नाही तर बँड बसत नाही. त्यानंतर नवी गाणी.

कार्यक्रमाचा क्रम

पाऊण तासाचा सेट पुरे. पहिलं गाणं मध्यम टेम्पोचं, सगळी वाद्यं ऐकू येतील असं. तिसऱ्या-चौथ्या गाण्यात भूमिका उलटवा, ट्यूबाला चाल आणि खाली बास क्लॅरिनेट किंवा सेलो. आणि लांब सुरांचं संथ गाणं पहिल्या अर्ध्यात घ्या, शेवटाला ट्यूबावाल्याचे ओठ थकलेले असतात आणि धरलेला सूर हलायला लागतो.