दोन पायांवरच्या चालण्याचं मॉडेल करताय? मग या चुका टाळा

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात एक स्टॉल ठरलेला असतो : ‘मानवाची उत्क्रांती’. चाळीसगाव असो, शिरपूर असो की शहादा, पुठ्ठ्यावरचं चित्र तेच. डावीकडे चार पायांवरचं माकड, मग अर्धवट वाकलेलं, मग हातात दगड घेतलेलं, आणि उजव्या टोकाला ताठ माणूस. पोरं पाठ केलेलं घडाघडा म्हणतात आणि परीक्षकांच्या दुसऱ्याच प्रश्नाला अडकतात. पोरांना बोल लावू नका, घोळ त्या चित्रातच आहे.

ओळीचं चित्र लावणं

अशा चित्रांचा मूळ नमुना 1965 साली रुडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने काढला. तो इतका गाजला की आजही गाईडमध्ये, चार्टवर, टी-शर्टवर त्याच्याच नकला दिसतात. ओळ पाहिली की बघणाऱ्याला वाटतं, मागचा पुढच्यात बदलत गेला. मग गर्दीतून एखादे आजोबा हमखास विचारतात, “मंग आतेना माकडे माणसे काब्र होतस नही?” (मग आताची माकडं माणसं का होत नाहीत?) प्रश्न रास्त आहे, आणि ओळीच्या चित्राकडे त्याचं उत्तर नाही.

चिंपांझी हा आपला पूर्वज नाही, वाटण्या होऊन वेगळं राहिलेल्या भाऊबंदांपैकी आहे. वाटणी झाली साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी, आणि त्यानंतर दोन्ही घरांनी आपापला संसार केला. त्यामुळे ओळ काढून टाका आणि फांद्यांचं चित्र लावा. काही फांद्या मध्येच तुटलेल्या दाखवा, कारण दोन पायांवर चालणाऱ्या कितीतरी जाती वंश न ठेवता संपल्या.

आधी मेंदू, मग पाय

ही सगळ्यात जुनी चूक, आणि ती विद्वानांनीही केलेली आहे. “माणूस हुशार झाला, त्याने हत्यारं केली, हात मोकळे हवेत म्हणून तो उभा राहिला,” असं बरेच जण सांगतात. 1912 मध्ये इंग्लंडात पिल्टडाउनची कवटी ‘सापडली’. मेंदू मोठा आणि जबडा वानराचा. मेंदूच आधी वाढला असणार असं ज्यांना वाटत होतं, त्यांना तर पुरावाच मिळाला. 1953 मध्ये उघड झालं की ती शुद्ध लबाडी होती. माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडून, दात घासून, वर रंग दिला होता.

मधल्या काळात खरा पुरावा मात्र ताटकळत राहिला. 1924 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंग इथे एका लहान मुलाची कवटी मिळाली. शरीररचनेचे अभ्यासक रेमंड डार्ट यांनी पाहिलं की मज्जारज्जू जिथून बाहेर पडतो ते छिद्र कवटीच्या खालच्या बाजूला, पुढे सरकलेलं आहे. याचा अर्थ डोकं ताठ कण्यावर तोललेलं होतं. मेंदू मात्र वानराएवढाच. डार्ट यांचं म्हणणं मान्य व्हायला पुढची दोन-अडीच दशकं गेली. 1974 मध्ये इथिओपियातल्या हदार इथे संशोधक डोनाल्ड जोहान्सन यांना ‘ल्युसी’ या मादीचा सांगाडा मिळाला. वय सुमारे 32 लाख वर्षं, उंची जेमतेम साडेतीन फूट, मेंदू जवळपास चिंपांझीएवढा, पण गुडघा आणि कंबर चालणाऱ्याची.

आजवर मिळालेली सगळ्यात जुनी दगडी हत्यारं केनियातल्या लोमेक्वीची, 33 लाख वर्षांपूर्वीची. चालणं त्याच्याही कितीतरी आधीचं. स्टॉलवर एकच वाक्य मोठ्या अक्षरात लिहायचं असेल तर ‘पाय आधी, डोकं मागून’ हे लिहा.

“गवत उंच होतं म्हणून तो उभा राहिला”

या वाक्यात दोन चुका आहेत. कुणाला गरज वाटली म्हणून हाडं बदलत नाहीत. ज्यांच्या कमरेची ठेवण चालायला थोडी सोयीची होती, त्यांची पिल्लं जास्त जगली, एवढंच पिढ्यान्‌पिढ्या घडत गेलं. दुसरी चूक गवताची. इथिओपियातला 44 लाख वर्षांपूर्वीचा आर्डिपिथेकस हा माणसाचा प्राचीन नातलग झाडीच्या प्रदेशात राहत होता. त्याच्या पायाचा अंगठा फांदी धरण्यासारखा बाजूला होता, तरी तो जमिनीवर दोन पायांवर चालू शकत होता. म्हणजे जंगल संपलं आणि मग चालणं सुरू झालं, इतकं सरळ प्रकरण नाही.

कारण काय, यावर अजून एकमत नाही. मला पटतं ते ऊर्जेचं. चिंपांझीला तेवढंच अंतर चालायला, वजनाच्या हिशेबात, आपल्या सुमारे चौपट ऊर्जा लागते. चैत्रात आपल्याकडून सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणारी माणसं भाकरी-ठेच्यावर दिवसभर चालतात, ते चिंपांझीला झेपणारं नाही.

सांगाडा उभा राहत नाही

पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) आणि तारेचं मॉडेल करणाऱ्यांची ही खरी डोकेदुखी. सांगाडा तोंडावर पडतो, मग त्याला मागून टेकू देतात. टेकू काढा आणि या जागा तपासा.

मांडीची हाडं सरळ खाली उतरवली असतील तर एक पाय उचललेला सांगाडा हमखास कलंडणार. आपली मांडी कमरेपासून गुडघ्याकडे आत तिरपी येते, साधारण 10 अंश. त्यामुळे पाऊल शरीराच्या वजनाखाली पडतं. हा तिरपेपणा जन्मतः नसतो, मूल चालायला लागलं की येतो. चिंपांझीत तो नाही, म्हणून तो दोन पायांवर डोलत चालतो.

कमरेचं हाड उंच आणि चपटं केलं असेल तर ते वानराचं झालं. आपलं आखूड, रुंद आणि बाजूंना वळलेलं. त्याच्या बाजूचे स्नायू एका पायावर उभं असताना कंबर लचकू देत नाहीत. कण्याला कमरेपाशी आत बाक द्या, कवटीचं छिद्र बरोबर खाली ठेवा. पाठीचं आणि गुडघ्याचं दुखणं याच रचनेशी जोडलेलं आहे, हेही सांगून टाका. प्रश्न येतोच.

बघणाऱ्यांना गुंतवायचं असेल तर भिंतीचा प्रयोग करा. उजवं पाऊल आणि उजवा खांदा भिंतीला चिकटवून उभं राहायचं आणि डावा पाय उचलायचा. जमत नाही, कारण भिंत शरीराला उजव्या पायावर सरकू देत नाही. मॉडेलपेक्षा गर्दी इथेच होते.

लाएटोलीचे ठसे मोठे काढणं

टांझानियात लाएटोली इथे ज्वालामुखीच्या राखेत सुमारे 36 लाख वर्षांपूर्वी उमटलेले ठसे मेरी लीकी यांच्या चमूने 1978 मध्ये उघडे केले. आपली मुलं सरांच्या चपलेचा ठसा घेतात. त्यातले लहान ठसे सुमारे 18 सेंटिमीटरचे आहेत, म्हणजे पहिलीतल्या पोराचा पाय. अनवाणी घ्या, टाच खोल येऊ द्या, अंगठा इतर बोटांच्या ओळीतच असू द्या. काळी माती चिकटून येते आणि ठसा फाटतो. तापी-गिरणेकाठची ओली बारीक वाळू घ्या.

रामापिथेकस आणि शून्यांचा घोळ

जुन्या नोट्समध्ये रामापिथेकस हा जीवाश्म ‘पहिला मानव’ म्हणून बसलेला असतो. त्याचे जबडे आणि दात मिळाले होते, त्यावरून चाल कशी कळणार? आता तो ओरांगउटानच्या नात्यातला शिवापिथेकस हा जुना वानर मानला जातो. काढून टाका.

एक मिलियन म्हणजे 10 लाख. 3.2 मिलियनचे 3.2 लाख लिहिलेले फलक दरवर्षी दिसतात. उपाय सोपा आहे. 7 मीटर सुतळी बांधा आणि 10 सेंटिमीटरला एक लाख वर्षं धरा. आजपासून मोजलं तर ल्युसी 3.2 मीटरवर येते, लोमेक्वीची हत्यारं 3.3 वर, आर्डिपिथेकस 4.4 वर. आपली स्वतःची जात शेवटच्या 30 सेंटिमीटरमध्ये मावते.

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याची चिठ्ठी लावायला विसरू नका. तिथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचा. ती माणसं ‘आदिमानव’ म्हणून वाकलेली काढू नका, ती तुमच्या-आमच्यासारखीच चालत होती. सुतळीवर त्यांची जागा आजच्या टोकापासून अडीच सेंटिमीटरवर येते. चिठ्ठी तिथे मावत नाही, म्हणून दोरा बांधून खाली सोडा.